तुळसाक्काच्या तीन चिंध्या

तुळसाक्का बिबट्याला भीत नव्हती. कोंबड्याला भीत होती.

बिबट्याची गोष्ट तिची तिनंच सांगितलेली, म्हणजे तिच्यात थोडी फोडणी असणार. दिग्गीच्या वाटेवर सकाळच्या उन्हात तो आडवा बसला होता म्हणे. अक्कानं छत्री बगलेत मारली आणि त्याला सांगितलं की बाबा, मला तिघी गरोदर बायका बघायच्या हायत, तुला काय काम न्हाई, तू सरक. तो सरकला. कोंबड्याची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी बघितलेली आहे. आमच्या घरी एक तांबडा कोंबडा होता. अक्का आमच्या कुंपणापाशी आली की आत पाऊल टाकायच्या आधी ओरडून विचारायची, "कोंबडा डालला काय?" डालला नसेल तर ती बाहेरच उभी राहून गोळ्या देणार, बाहेरूनच वजन विचारणार. कोंबडा डाल्याखाली गेला की मग आत येणार, आणि तेही छत्री उघडून त्या डाल्याच्या बाजूला आडवी धरून.

ती आमच्या भागाची आशाबाई. बाजारकुणंगच्या पुढच्या वाड्यांतली गरोदर बाई, तान्हं पोर, तापाचा म्हातारा, सगळं तिच्याकडं. अंगानं काटकुळी, चालणं असं की मागून बघणाऱ्याला वाटावं हिच्या पाठीमागं कुणी लागलंय. अंतर ती पानांवर मोजायची. आमचं घर तिच्या घरापासून दोन पानं. दिग्गी चार पानं, पण चढ आहे म्हणून वर एक सुपारी. तोंडात पान नसलं तर तिला वाट सापडत नसे. वहीत ती कानडीत लिहायची, आमच्याशी मराठीत बोलायची, कुणब्यांच्या घरी गेली की कोकणीत शिरायची. चिडली की परत कानडीवर. का विचारलं तर म्हणाली, शिवी देताना तोंड मोठं उघडतंय.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं झाड दिसलं की माणसं त्याखाली थांबतात. इथं झाडं संपली की माणसं थांबून बघतात. आठवीत शाळा सुटली, विसाव्या वर्षी लग्न झालं. माझे चुलते बेळगाव–गोवा रस्त्यावर ट्रक चालवायचे, त्यांनी रामनगराकडचं स्थळ बघितलं आणि मी ह्या रानात आले. आई एका टोकाला, मी दुसऱ्या. फोन लावायचा तर घरापासून चढावरच्या एका धोंड्यावर जाऊन उभं राहावं लागतं, त्याला सगळे टावर धोंडा म्हणतात. त्याच्यावर चढून आईशी बोलायचं म्हणजे सगळ्या वाडीशी बोलायचं. त्यामुळं मनातलं काही मी आईला सांगत नव्हते, जेवलीस का एवढंच विचारायची.

तुळसाक्कानं पहिल्या दिवशी मला बघितलं, गाव विचारलं आणि नाव ठेवलं, दुष्काळे. "काय गं दुष्काळे, पाणी बघून डोळं फिरलं काय?" मला राग आला होता. पुढं असं झालं की तिनं कधी नावानं हाक मारली तर माझंच काही चुकलंय असं वाटायचं.

भात झोडायचे दिवस होते. माझी पाळी चुकून पंधरा दिवस झालेले, अक्काच्या पट्टीवर दोन रेघा आलेल्या, घरात आनंद. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्तींनी लगेच मला पेंढ्या उचलायच्या बंद केल्या आणि दिवसाला दोनदा माझं तोंड बघून मुलगा की मुलगी ते ठरवायला लागल्या. आणि एके दिवशी दुपारी मला कापडावर डाग दिसला. चिंचोक्याएवढा. तपकिरी.

मी न्हाणीतच बसून राहिले. मला वाटलं, संपलं. मी काय केलं, कुठं वाकले, कधी पळाले, ते एकेक आठवून स्वतःला दोष देत होते. शेवटी आत्तींनी दार वाजवलं. त्यांना सांगितलं तर त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, बाहेर जाऊन घराच्या बांधकामातले उरलेले दोन चिरे आणले आणि पलंगाच्या पायथ्याखाली सारले. जांभ्या दगडाचा चिरा म्हणजे काय लहान नसतो. माझे पाय वर, डोकं खाली. आत्तींचं गणित सरळ होतं, की खाली उतार असला तर पोर खाली येणार, तर उतार उलटा करा. तांदळाच्या पोत्याचा त्यांना अनुभव होता.

उतार जरा जास्त झाला. मी हळूहळू भिंतीकडं घसरायला लागले. दर थोड्या वेळानं डोकं भिंतीला लागायचं, मग आत्ती आणि आमचे हे मिळून मला पायांकडून वर ओढायचे, मी परत घसरायची. ह्यांचं नाव परसू, स्वभावानं गरीब, त्यांनी भिंतीला उशी लावून दिली.

तुळसाक्का आली तेव्हा मी अशी उशीला डोकं टेकून, तोंड लाल होऊन लोंबत होते. कोंबडा डालला काय हे विचारायचं ती त्या दिवशी विसरली, ह्यावरून मी ओळखलं की ती पळत आलीय. दारात उभी राहून तिनं एकदा पलंग बघितला, एकदा चिरे बघितले.

"आत्तीबाई," ती म्हणाली, "ही बाई हाय का वटवाघूळ?"

मला हसू आलं. डोळ्यांतलं पाणी उताराप्रमाणं कपाळावर गेलं आणि मी हसले. अक्कानं लगेच परसूंना चिरे काढायला लावले आणि माझ्याजवळ बसली. मग तिनं विचारलं ते एका दमात विचारलं. डाग केवढा. पॅड भिजलं का नुसतं लागलं. गाठी पडल्या काय. पोटात कळ हाय काय, आणि एकाच बाजूला हाय काय. खांदा दुखतोय काय, चक्कर, डोळ्यांपुढं अंधारी. मी सगळ्याला न्हाई म्हणाले. चक्कर येतेय म्हणणार होते, पण अक्का म्हणाली, तासभर उलटं टांगलेल्याची चक्कर मोजत न्हाईत.

मग तिनं कमरेची पिशवी उघडली आणि मोठी शिपटी पिन काढली. तिच्यात चिंध्या ओवलेल्या होत्या, पांढऱ्या धोतराच्या, बोटभर लांब. तीन. हे तिचं स्वतःचं शास्त्र होतं. रानातल्या बायका रक्ताचा रंग तोंडानं सांगत नाहीत, लाजतात. विचारलं तर म्हणतात, जरा लागलंय. जरा म्हणजे काय? म्हणून अक्कानं चिंध्या रंगवल्या होत्या. पुढं धरायच्या, बाईनं बोट लावायचं, बोलायची गरज नाही.

पहिली कोऱ्या चहात बुडवलेली. तो रंग असला तर आतलं जुनं रक्त, बाहेर पडायला उशीर झालेलं. घाबरायचं नाही, पण अक्काला कळवायचं. दुसरी तांबूस तपकिरी. तो असला तर त्याच दिवशी अक्कानं येऊन बघायचं. तिसरी भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांच्या पाण्यातली, लाल. तो रंग थोडा जरी असला तरी त्याच दिवशी दवाखाना. दुसरी कशात बुडवलीय ते अक्का कधी सांगत नसे. पण अक्का पान खायची, आणि दुसऱ्या चिंधीचा रंग अगदी अक्काच्या ओठांचा होता.

"आणि चौथी?" मी विचारलं. पिनेला चौथ्या चिंधीएवढी जागा मोकळी होती.

"चौथी न्हाई. लालभडक वाहायला लागलं, पॅड भिजून गेलं, गाठी पडल्या, की रंग बघत बसायचं न्हाई. मला बी विचारायचं न्हाई. जीप. आणि पोटात कळ आली, चक्कर आली, तर रंग कुठला का असंना, ह्या चिंध्या फेकून द्यायच्या आणि जीप."

माझं बोट चहावर गेलं. अक्का म्हणाली, बरं. पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीला न्हेते, त्याच्या आधी बघून काय दिसायचं न्हाई, अजून तीळ हाय तो. मी विचारलं, राहील ना? कुणीही बाई ह्या प्रश्नाला होय म्हणाली असती. अक्का म्हणाली, "लई जणींचं राहतंय. सगळ्यांचं राहतंय असं मी सांगणार न्हाई, मला खोटं बोलायचा पगार न्हाई. पण तू उलटी लोंबून ते ठरणार न्हाई. ऊठ, जेव."

जाताना मात्र तिनं वळून माझं तोंड बघितलं, परत आली आणि पिन माझ्या हातात दिली. चिंध्या घरी ठिवून जाते म्हणाली, तुझा जीव थाऱ्यावर राहील. त्याआधी तिनं ती पिन कुणालाच दिली नव्हती. मी ती न्हाणीतल्या खुंटीला अडकवली, देवाच्या फोटोसारखी. दिवसातून दहा वेळा जाऊन बघत होते. दोन दिवस चहा, मग काही नाही. पाच दिवस काही नाही, तशी मी पिनेकडं बघायचंही विसरले. मी आईला फोनवर सांगायचं ठरवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी परत डाग आला. मी पिन खुंटीवरून काढली, न्हाणीच्या झरोक्याच्या अंधुक उजेडात, भरल्या डोळ्यांनी डाग तिन्ही चिंध्यांशेजारी धरून बघितला. तिन्हींपेक्षा गडद होता. तिसरीपेक्षाही गडद. मी परत बघितलं. म्हणजे चौथा.

मी ओरडले तशी कोंबडी उडाली. परसू टावर धोंड्याकडं पळाले. अक्काचा फोन लागेना, म्हणून त्यांनी जीपवाल्या दत्तूला बोलावलं, आणि धोंड्यावरून बोलले म्हणजे वाडीला कळलंच. जीप आली तेव्हा तिच्यात बसायला आम्ही तिघं होतो आणि सोबतीला शेजारच्या चौघी, त्यांतल्या एकीला रामनगरला बाजार करायचा होता. आत्तींनी भाकरीचं गठुडं घेतलं, पाण्याची कळशी घेतली, आणि एक चिरा घेतला. दत्तूनं विचारलं हा कशाला. आत्ती म्हणाल्या, पायाखाली.

मी मागं आडवी, पाय चिऱ्यावर, पिन मुठीत. मला चक्कर येत होती, पोटात दुखत होतं, खांदासुद्धा दुखायला लागला होता. अक्कानं विचारलेलं सगळं मला एकदम व्हायला लागलं होतं.

बाजारकुणंगच्या अलीकडच्या वळणावर छत्री दिसली. अक्का फेरीला निघालेली. दत्तूनं जीप थांबवायच्या आधीच ती आत चढली, दोघींच्या मांड्यांवरून माझ्यापर्यंत आली आणि माझी नाडी धरली. किती भिजलं? मी म्हणाले, डाग. केवढा? चिंचोक्याएवढा. कळ कुठं? मी पोटावर एक जागा दाखवली, मग दुसरी. अक्कानं हात लावून बघितलं आणि विचारलं, काल काय खाल्लंस? वालाची उसळ. मग रंग कुठला म्हणाली.

मी रडत पिन पुढं केली. म्हणाले, चौथा.

अक्कानं पिन हातात घेतली. एकेक चिंधी उलगडली. उन्हात धरली. चहा नाही, पान नाही, भिरंड नाही. तीन चिंध्या, तिन्ही फिक्या दुधाळ, जरा पिवळट झाक, बगळ्यासारख्या. आणि वास येत होता तो साबणाचा.

"ह्या कुणी धुतल्या?" अक्का म्हणाली.

आत्ती पुढच्या सीटवरून वळल्या. त्यांना त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं, उलट कुणीतरी विचारायची त्या वाटच बघत होत्या. "मी. कसल्या घाण झाल्या हुत्या. एकीला तर पानाची पिंक लागलेली. साबण लावला, लिंबू लावून उन्हात घातल्या दोन दिस, तवा कुठं निघालं."

दत्तूनं जीप बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागला. अक्का कानडीत काहीतरी लांबलचक बोलली. त्याचा अर्थ मला आजही कुणी सांगत नाही. मग तिनं डाग स्वतः बघितला. चहा. कोरा चहा, पहिल्या वेळचाच. शेजारच्या चौघींनीही बघितला, आणि चौघींचं मत पडलं की चहाच, पण जरा कमी उकळलेला. माझी चक्कर गेली, खांदा थांबला. पोटातली कळ राहिली, ती वालाची होती.

परसू म्हणाले, मग फिरवायची का गाडी? अक्का म्हणाली, "का म्हणून? एवढी वरात निघालीय, बघूनच येऊ. दोनदा डाग आलाय, सोनोग्राफीचा दिवस बी भरलाय. चल रे."

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे बसलो. आत्तींनी चिरा पायाशी ठेवला. एका माणसाला वाटलं तो दवाखान्याचाच आहे, त्यानं त्यावर पाय ठेवून चप्पल बांधली. माझा नंबर यायला वेळ होता. अक्का माझ्याजवळ बसली होती आणि तिचा जबडा चालू होता. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की तिच्या तोंडात पान नाही. ती रिकामंच चावत होती.

मी म्हणाले, अक्का, तुम्ही पान खावा की, जा बाहेर. ती उठली नाही. दाराकडं बघतच बोलली, हळू, चौघींना ऐकू जाणार नाही असं. "माझ्या टायमाला कुणी रंग विचारला न्हाई. सगळी म्हणाली, हुतंय की बायकांना. मी बी भात झोडत राह्यले. मग वाहायला लागलं तवा जीप न्हवती." थोड्या वेळानं म्हणाली, "जीप आली असती तरी राहिलं असतं असं न्हवं. पण विचारायला पायजे हुतं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

आत डॉक्टरीणबाई होत्या. पोटावर गार काहीतरी लावलं, पडदा करडा झाला, पावसाळ्यातल्या खिडकीसारखा. अक्का माझ्या डोक्याशी उभी. तिला आत सोडत नव्हते, ती छत्री पुढं करून आली होती. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र इकडून तिकडं फिरवत राहिल्या. मग त्यांनी बोट दाखवलं. एक ठिपका होता आणि त्या ठिपक्यात काहीतरी लुकलुकत होतं, भराभर, काजव्याला घाई झाल्यासारखं. हे ठोके, त्या म्हणाल्या.

मी रडले ते सोडा. अक्का म्हणाली, परत दावा. त्यांनी परत दाखवलं. अक्का म्हणाली, मला चष्मा न्हाई, आणखी एकदा दावा. तिसऱ्यांदा दाखवल्यावर तिनं वही काढून कानडीत काहीतरी लिहिलं, आणि लिहिताना पेन उलटं धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पहिल्या महिन्यांत असा थोडा डाग पुष्कळ जणींना जातो, आणि ठोके दिसले की बहुतेक वेळा पुढं नीट होतं. पण डाग गेला की दर वेळी कळवायचं, जास्त गेलं किंवा दुखलं तर लगेच यायचं. रक्तगट तपासला, गोळ्या दिल्या. मी विचारलं, पडून राहू का? त्या म्हणाल्या, पडून राहिल्यानं काही राहतं असं नाही, जमेल तसं रोजचं करा, जड तेवढं उचलू नका. आत्ती दारातून ऐकत होत्या. त्यांनी बाहेर जाऊन चिरा परसूंच्या हातात दिला.

पण आत्तींना झालेलं लागलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या लुगड्याचा पांढरा काठ फाडला, तीन चिंध्या केल्या, कडांना टाके घातले. एक चहात बुडवली. एक सोलांच्या पाण्यात. दुसरीपाशी अडल्या. आत्तींनी जन्मात पान खाल्लेलं नाही, पान खाणाऱ्या बाईच्या हातचं पाणी त्या पीत नाहीत. त्यांनी परसूंना पान आणायला पाठवलं, आणि आत्तींच्या भाषेत त्या गधड्यानं ते तंबाखू घालून आणलं. आत्ती परसात गेल्या, पाठ करून बसल्या, चावलं, चिंधी रंगवली. रंग अगदी बरोबर आला. मग त्या उठल्या आणि त्यांना अंगण फिरताना दिसलं.

अक्का आली तेव्हा आत्ती पलंगावर होत्या. पायथ्याखाली दोन चिरे. परसूंनी लावले होते, घरात तेवढाच उपाय माहीत होता. अक्का दारात उभी राहिली. मला वाटलं आता वटवाघूळ म्हणणार. पण ती खाटेशी बसली, आत्तींनी मुठीतल्या चिंध्या दिल्या, अक्कानं त्या पिनेत ओवल्या, दुसरी नाकाला लावून हुंगली आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा बरी केलीसा." आत्ती डोळे मिटूनच म्हणाल्या की धुवायला लागली तर मला द्या.

पुढं मला आणखी दोनदा चहा लागला. दर वेळी मी कळवलं, दर वेळी अक्का आली, कुंपणातून कोंबड्याची चौकशी करून. मग थांबलं ते थांबलंच. आता माझी मुलगी दोन वर्षांची आहे, कोंबड्याच्या मागं पळते. अक्काला दुसऱ्या वाड्या दिल्या आहेत, पलीकडच्या अंगाच्या, आमच्यापासून सात पानं. तिचं येणं होत नाही.

परवा रामनगरच्या स्टँडवर दिसली. आम्ही बसमध्ये बसलेलो, मुलगी माझ्या मांडीवर. खाली फलाटाच्या कठड्याला टेकून अक्का उभी होती, छत्री बगलेत, आणि तिच्यापुढं एक नवी नवरी, हिरवा चुडा, तोंड सुकलेलं. असलं तोंड मी ओळखते. अक्कानं पिशवीतून पिन काढली. आत्तींनी टाके घातलेल्या चिंध्या, मी लांबूनही ओळखल्या. पोरीनं इकडं तिकडं बघितलं, आणि बोट लावलं. पहिलीवर. अक्कानं मान हलवली आणि बोलायला लागली. ऐकू येत नव्हतं, पण हात दिसत होते. भ्यायचं न्हाई, असं हातानं सांगत होती, भ्यायचं काय त्यात.

तिच्या पाठीमागं, कठड्यावर, कुणीतरी बाजाराची बुट्टी ठेवली होती. वरचं फडकं हललं. एक तांबडा तुरा बाहेर आला, मग चोच, मग एक गोल डोळा, अक्काच्या अंबाड्याकडं लागलेला.

मी खिडकीची काच ओढत होते, ती सरकेना. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. बस सुरू झाली. कोंबड्यानं मान लांब केली आणि अक्काच्या कानात बांग दिली.

अक्का कुठं उडाली ते मला दिसलं नाही, मध्ये ट्रक आला. ट्रक गेल्यावर दिसलं ते एवढंच, की फलाटावर उघडी छत्री आडवी पडली होती, तिच्यामागं कुणीतरी कानडीत बोलत होतं, आणि ती नवरी पिन छातीशी धरून हसत होती.